आबांचं पोट आणि पावण्यांचं घर

माझ्या घरात हॉल आणि संडास यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही चार इंची. फ्लॅट घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपण खिडक्या बघतो, पार्किंग बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो. भिंतीपलीकडचं काय काय ऐकू येतं, हे कोण विचारतं? आम्हीही विचारलं नव्हतं. आम्हा नवराबायकोला त्याचं काही वाटतही नव्हतं. आबा राहायला येईपर्यंत.

आबा म्हणजे माझे वडील. गोठ्यात म्हशीला वैरण टाकताना घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन इथं कोल्हापुरातच झालं. वॉकर धरून नीट चालायला लागेपर्यंत गावी नेऊ नका, असं दवाखान्यात सांगितलं. गाव हातकणंगल्याच्या पुढं, आणि तिथल्या घरातला संडास अंगणाच्या पार टोकाला, पायऱ्या चढून. भाऊ म्हणाला, "तुझ्याकडंच ऱ्हाऊंदे की थोडं दिवस." आबा तयार होईनात. लेकीकडं दोन घटका बसून चहा घ्यायचा आणि उजेड आहे तोवर एसटी गाठायची, एवढंच त्यांना माहीत. शेवटी दवाखान्यातून रुग्णवाहिका सरळ माझ्या दारात आणली. म्हणजे त्यांना विचारायचा प्रश्नच मिटला.

माझ्या नवऱ्यानं तर कमाल केली. मी काही बोलायच्या आत त्यानं रजाच काढली. "तुला एकटीला मामांना उचलता यायचं नाही," म्हणाला. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मला इतकं बरं वाटलं की मी मैत्रिणींना फोन करून करून सांगितलं. असा जावई शोधून सापडायचा नाही, असं त्याही म्हणाल्या. सगळ्या गोंधळाचं मूळ त्या रजेत होतं, हे तेव्हा कुणाच्या बापाला कळणार होतं?

घरी आल्यावर आबांचं पोट बंद पडलं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी रोज सकाळी विचारायला लागले, "आबा, झाली का?"

"व्हईल की."

दुसऱ्या दिवशीही "व्हईल की." तिसऱ्या दिवशी नुसतीच मान. मी इसबगोल आणलं. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं असतं, आणि आबा दोन घोट घेऊन पेला खाली ठेवायचे. पाणी प्या म्हटलं की म्हणायचे, "तान लागली की पितो." पाण्याशिवाय इसबगोल म्हणजे पोटात आणखी एक लगदा. पोट टणक झालं. आबा कुशीवर वळताना कण्हायला लागले, आणि माझ्या डोक्यातून दुसरं काही जाईना. पोळी लाटताना आबांचं पोट, ऑफिसचा फोन घेताना आबांचं पोट. मी तशीही एका जागी टिकणारी बाई नाही, त्यात हे. स्वयंपाकघर, आबांची खोली, बाल्कनी, परत आबांची खोली. नवरा म्हणाला, "तू जरा बस तरी." मी म्हटलं, "बसून काय होणार आहे?"

आमच्या चौकातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. बाई तोंडाच्या स्पष्ट. त्यांनी पोट दाबून पाहिलं, नळी लावून आतले आवाज ऐकले, मला बाहेर काढून खालूनही तपासलं. मग हात धुऊन हॉलमध्ये आल्या.

"अडकलेलं नाही, आतडं चालू आहे. पण खाली खडा झालाय. उद्या दुपारपर्यंत मोकळं झालं नाही तर अ‍ॅडमिट करा. मग हातानं काढावं लागेल."

चार इंची भिंतीची करामत. आबांच्या खोलीचीही भिंत तशीच. आतून आवाज आला, "त्यापरास मला तिरडीवर घाला!"

आम्ही आत गेलो. आबांचा चेहरा लाल झाला होता. ऑपरेशनला हूं की चूं न करता गेलेला माणूस, पण या एका गोष्टीला ते तयार होणार नाहीत, हे मला तिथंच कळलं. ते माझा हात धरून म्हणाले, "पोरी, ते तेवढं हुंदेऊ नगंस." मी म्हटलं, "न्हाय हुंदेत." म्हणून तर बसले, पण कुणाच्या भरवशावर म्हटलं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली आणि खाटेच्या कडेला बसून ती काय करते ते आबांनाच समजावून सांगितलं. ते मला आवडलं, कारण आजाऱ्याला सोडून नातेवाइकांशी बोलणारे डॉक्टर माझ्या डोक्यात जातात.

"बाबा, तुमचं आतडं म्हणजे एक लांब नळी. ती आवळते, सैल होते, परत पुढं आवळते, असं करत आतला माल पुढं ढकलते. तुम्हाला दुखणं मारायची जी जोरदार गोळी चालू आहे ना, ती दुखण्याबरोबर आतड्यालाही गुंगी आणते. ढकलणं मंदावतं. माल जागेवर बसून राहतो, आणि मोठं आतडं तेवढ्यात त्यातलं पाणी ओढत बसतं. म्हणून खडा. इसबगोल नुसता माल वाढवतं, ते ढकलत नाही. ही गोळी ढकलणारी. मोठ्या आतड्याच्या भिंतीत ज्या नसा असतात त्यांना ती डिवचते. भिंत जागी होते, जोरानं आवळायला लागते. आणि पाणी ओढून घेणंही कमी होतं, म्हणजे माल जरा ओला राहतो."

"म्हंजे एरंडेलच की," आबा म्हणाले.

"त्याच कुळातलं. एरंडेल लहान आतड्यापासूनच ढवळायला लागतं, ही गोळी पुढं जाऊन काम करते. सोनामुखीचं चूर्णही याच जातीचं. पण एक लक्षात ठेवा, हे रोजचं औषध नाही. अडलं तर थोडे दिवस. रोज डिवचत बसलात तर अंगातलं पाणी आणि क्षार वाहून जातात." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "संध्याकाळी द्या. चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची. ती तिथं पोचायला रात्र जाते. सकाळी परिणाम."

मला एवढा वेळ थांबायचं म्हणजे शिक्षाच. दुपारभर मी घड्याळाला शिव्या घालत होते. आणि एरंडेलाचं नाव निघाल्यामुळं मला आमच्या गावच्या घराचं परस आठवत राहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा आबा आम्हा भावंडांना एरंडेल पाजायचे. चहात घालून. चहावर तेलाचा तवंग, आणि तो वास आजही माझ्या नाकात आहे. मी तोंड मिटून घ्यायचे, मग आबा नाक दाबायचे. नाक दाबलं की तोंड उघडतंच. मग दिवसभर आमची धावपळ, आणि आबा परसातल्या दगडावर बसून आतल्याला गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "झाली का गं? कशी झाली? पाण्यागत का घट?" शेजारची काकू भिंतीवरून डोकावून म्हणायची, "झाली का न्हाय हो अजून?" लाजेनं मला मरण यायचं. आबांना मात्र पोट साफ होणं आणि विहिरीचा गाळ काढणं यात काही फरक वाटत नसे. ज्या माणसाला पोराबाळांच्या पोटाची दवंडी पिटायला संकोच वाटला नाही, तो आता माझ्या घरात तोंडातल्या तोंडात "व्हईल की" म्हणत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हातारपणी माणूस हट्टी होतो एवढंच मला समजत होतं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर मी आबांच्या हातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला दिला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून बाल्कनीत गेले. परत आले तर पेला रिकामा, आबा उशीला टेकलेले. म्हटलं, चला, एक काम झालं.

जेवणं व्हायच्या आधीच आबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. बेंबीच्या वर, पिळून काढणाऱ्या. मग उलटी झाली. मी हादरलेच. उलटी झाली तर लगेच कळवा, असं डॉक्टरीणबाईंनी जाताना बजावलं होतं, कारण आतडं खरंच अडकलं असेल तर उलट्या होतात, आणि तशा माणसाला ढकलणारी गोळी देणं म्हणजे बंद दारावर गर्दी लोटणं. मी लगेच फोन लावला. नवरा गाडीची किल्ली घेऊन उभाच होता. आबा डोळे मिटून म्हणत होते, "दवाखान्यात न्हाय. दवाखान्यात न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. उलटीत काय पडलं ते विचारलं.

"पांढरं. दह्यासारखं."

"दह्यासारखं? गोळी कशाबरोबर घेतली त्यांनी?"

"पाण्याबरोबर. मीच दिलं."

"त्यांना विचारा."

मी विचारलं. आबांनी डोळे उघडले आणि मलाच खुळ्यात काढल्यासारखं बघितलं.

"दुधासंगं. आनि कशासंगं घ्यायची? औषध कोन पान्यासंगं घेतंय व्हय?"

पाणी त्यांनी खाटेला लागून असलेल्या खिडकीतल्या तुळशीला घातलं होतं. आणि मी बाल्कनीत असताना जावयानं विचारलं, मामा, काय हवंय का, तर कधी नव्हे ते त्यांनी दूध मागितलं होतं. गावाहून भावानं पाठवलेलं म्हशीचं दूध, पेलाभर, सायीसकट. त्यानं बिचाऱ्यानं कौतुकानं कोमट करून दिलं. आमच्या घरात जन्मभर सगळी औषधं दुधाबरोबर घेतली गेली. तापाची गोळी, हळद, काढा, सगळं. ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत त्यांनी औषधासारखी भारी वस्तू नुसत्या पाण्याबरोबर गिळायची, हे आबांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. "कोल्हापुरात हे दर महिन्याला एकजण करतो," त्या म्हणाल्या. "त्या गोळीवर एक थर असतो. पोटातल्या आम्लात तो टिकतो, पुढं मोठ्या आतड्याकडं जाऊन विरघळतो. दुधानं जठरातलं आम्ल मरतं, मग तो थर तिथंच उकलतो आणि गोळी भलत्या जागी डिवचायला लागते. म्हणून कळा, म्हणून उलटी. पोट फुगत नाही ना? आता कळा कमी आहेत ना? मग आज काही देऊ नका, पाणी घोटघोट पाजा. गोळी वाया गेली. सकाळी खालून ठेवायची गोळी वापरा, मी लिहून पाठवते. ती तिथल्या तिथं काम करते, अर्ध्या-पाऊण तासात. त्यानंही नाही झालं, तर मात्र दवाखाना."

म्हणजे उरली एकच गोळी. आबांनाही ते कळलं.

सकाळी ती ठेवायची कुणी, यावरून रण पेटलं. मी म्हटलं, मी ठेवते. "गप बस." नवरा म्हणाला, मामा, मी ठेवतो. त्यावर आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो मुकाट्यानं हॉलमध्ये जाऊन पेपर उघडून बसला. शेवटी, "मी काय मेलोय व्हय? माझं मी ठेवतो," म्हणून त्यांनी दार लावून घ्यायला लावलं आणि कुशीवर होऊन स्वतःच काय ते केलं.

मी दाराबाहेर येरझारा घालायला लागले. थोड्या वेळानं आत गेले. आबा छताकडं बघत होते.

"आली का?"

"न्हाय."

परत गेले. कपाळावर घाम. एका हातानं त्यांनी खाटेची कड आवळून धरली होती, आणि पोटातला गुडगुडाट मला दारातून ऐकू येत होता.

"आबा, आली ना?"

"न्हाय म्हनतोय न्हवं!" ओठ दाबून, दम रोखून. मग हळूच विचारलं, "पावणं हाईत?"

"आहेत की. हॉलमध्ये आहेत. तुमच्यासाठीच तर रजा काढलीय त्यांनी."

"कवा संपतीया रजा?"

आणि मला एकदम सगळं समजलं.

आबांच्या लेखी माझा नवरा आजही पावणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी शिकायला पुण्याला गेली, तरी पावणं. तो गावी गेला की नवी चादर निघते, कोंबडं पडतं, आणि तो बसल्याशिवाय आबा बसत नाहीत. त्याच्यासमोर ते डोक्यावरची टोपी काढत नाहीत. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणल्यावर, गुंगीतसुद्धा, तो दिसला तसा त्यांचा हात डोक्याकडं गेला होता. आणि तो पावणा सकाळपासून रात्रीपर्यंत, मोठ्या प्रेमानं, त्या चार इंची भिंतीला खुर्ची टेकून बसलेला. कधी हाक येते आणि कधी धावतो, असा.

रोज सकाळी आबांना आली होती. रोज त्यांनी ती दाबली होती. दाबून दाबून शेवटी पोटानं सांगायचंच सोडून दिलं. गोळ्या आतड्याला जागं करत होत्या, आणि आबा सगळा जीव एकवटून दार ओढून धरत होते. कसला इसबगोल आणि कसलं काय!

मला इतका राग आला, कुणावर ते सांगता येणार नाही, की मी हॉलमध्ये जाऊन नवऱ्यावर ओरडले, "अहो, उठा! बाहेर जा!"

"कुठं?"

"कुठंही जा. मटण आणा."

"आज सोमवार आहे."

"मग नुसतेच जा!"

तो चप्पल घालून निघाला बिचारा. मी आत धावले. "गेले पावणं. चला, उठा." आबा उठायला लागले. मी त्यांच्या काखेत हात घातला, वॉकर पुढं ओढला. पण आबा म्हणजे हाडापेरानं दणकट माणूस, आणि एक पाय टेकवायचा नाही. ते अर्धे उठले, वॉकर फरशीवर सरकला, आणि आम्ही दोघं परत खाटेवर. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. आबांच्या डोळ्यांत मला आयुष्यात पहिल्यांदा भीती दिसली. "पोरी, हितंच हुतंय," ते म्हणाले. "हितंच हुतंय गं."

मी दारात धावत जाऊन जिन्याकडं तोंड करून किंचाळले.

नवरा चपलांसकट आत आला. खाली वाकला आणि म्हणाला, "मामा, माझ्या गळ्यात हात टाका."

"पावणं, तुमी नगासा..."

"टाका म्हणतो ना!" लग्नापासून सासऱ्यावर त्यानं आवाज चढवला तो त्या दिवशीच. आबांनी हात टाकला. त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं, मी वॉकर आणि लेंग्याची नाडी सांभाळत मागून. बसवलं, दार ओढून घेतलं, आणि दाराबाहेर उभं राहून आधी बाहेरच्या बेसिनचा नळ पूर्ण सोडला. मग त्या पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "मामा, औंदा उसाला उतारा कसा पडलाय?"

आतून खर्जातला आवाज आला, "बरा हाय... लावणीचा चांगला हाय... खोडव्याचं काय खरं न्हाय!"

"आणि तोडणी?"

"टोळी आली न्हाय अजून!"

पुढचं मी काही सांगत नाही. एवढंच की दवाखान्यात जायची वेळ आली नाही. मी वॉकर धरून भिंतीला टेकून उभी होते. नवरा उसावरून म्हशींवर आणि म्हशींवरून पंचायतीवर गेला, आणि आतला आवाज वाक्यागणिक मोकळा होत गेला.

आबांना धुऊनपुसून, स्वच्छ कपडे घालून खाटेवर बसवलं. टोपी उशाशीच पडली होती, ती त्यांनी उचलली नाही. मग म्हणाले, "काय हाय गं खायाला?"

भाकरी थापायला घेतली होतीच. एक गरम भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा दिला. ती संपली. दुसरी दिली, तीही गेली. तिसरी मी तव्यावरून तशीच नेऊन वाढली, तर ती फुंकायलाही ते थांबले नाहीत. बोटं भाजत होती तरी तुकडा मोडून खात होते, मान खाली घालून, घाईघाईनं. इतके दिवस एका भाकरीतली अर्धी परत करत होते. हिंडणंफिरणं न्हाय, भूक कुठली लागायला, म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनाही मी तेच सांगितलं होतं.

"भूक नव्हती ना तुम्हाला?" मी विचारलं.

"भूक हुती की. लई हुती." घास चावता चावता, अगदी साधेपणानं ते म्हणाले. "पर जेवढं आत घालीन तेवढ्यासाठी पावण्यास्नी उठाय लागनार. म्हनून म्हटलं, आतच कमी घालावं. पानी बी तसंच."

मी स्वयंपाकघरात आले. हॉलमधून नवरा विचारत होता, मामा आणखी भाजी घेणार का. मी पीठ पुढं ओढलं आणि मळायला लागले, पण मला समोरची परात दिसत नव्हती. माझ्या घरात, माझ्या हातची भाकरी समोर घेऊन, माझा बाप रोज उपाशी उठत होता.